पुष्कराजाची खिडकी

वसमतमध्ये राहून पिवळ्या रंगाची वस्तू विकत घेऊ नये. घेतलीच तर कुणाला दाखवू नये. हळदीचा सीझन सुरू झाला की इथल्या मोंढ्यात पांढरा सदरा घालून गेलेला माणूस पांढरा परत येत नाही. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हळदीची कांडी मोडून, आतला रंग बघून भाव सांगतं. त्यात 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही पिवळेपणावर शेवटचा शब्द आपलाच, अशी इथल्या प्रत्येकाची कायदेशीर समजूत झाली आहे. अशा गावात मी पुष्कराज घ्यायला निघालो.

त्याला कारण गुरू. माझी मुख्याध्यापकपदाची फाईल बरीच वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तयार नाही. मी अर्ज करून बघितले, हेलपाटे घालून बघितले, टेबलामागच्या माणसाच्या पोराला फुकट गणित शिकवून बघितलं. पोरगा पास झाला, फाईल नापास. शेवटी बायकोनं माझी पत्रिका काढली आणि मला गुरुजींपुढं नेऊन बसवलं. त्यांनी कुंडलीच्या घरांवरून बोट फिरवलं, एका घरात थांबले आणि म्हणाले, "गुरू फार निर्बळ आहे."

"हो, मान्य आहे," बायको म्हणाली.

"ताई, मी ग्रहाबद्दल बोलतोय."

मग प्रिस्क्रिप्शन झालं. पुष्कराज, सव्वापाच रत्ती, सोन्यात, उजव्या हाताची तर्जनी, गुरुवारी सकाळी. "आणि अंगठी खालून उघडी पाहिजे बरं का. खडा बोटाला टेकला पाहिजे. गुरूचे किरण खड्यातून थेट शरीरात गेले पाहिजेत."

आता अडचण अशी की मी दहावीला विज्ञान शिकवतो. 'प्रकाशाचे अपवर्तन' हा धडा मी इतकी वर्षं शिकवलाय, की झोपेत विचारलं तरी हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42 सांगेन. गुरू हा वायूचा गोळा आहे आणि पृथ्वीच्या जवळात जवळ आला तरी 59 कोटी किलोमीटरवर असतो, हेही पोरांना मीच सांगतो. पण 59 कोटी किलोमीटर अंतर परवडलं. फाईल आणि सही यांच्यातलं अंतर कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. मी अंगठीला हो म्हणालो.

सराफाच्या दुकानात माझी समजूत अशी होती, की पुष्कराज म्हटलं की तो पुष्कराज काढून देईल, आपण पैसे देऊ आणि घरी येऊ. त्यानं गल्ल्यामागून एक डबा काढला. त्यात घड्या घातलेल्या कागदाच्या पुड्या होत्या. एकेक पुडी उघडून त्यानं समोर मांडली आणि विचारलं, "सर, कट कोणता?"

"चमकणारा," मी म्हणालो. "हिऱ्यासारखा. गोल."

त्यानं माझ्याकडं बघितलं. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराकडं मी नेमकं असंच बघत असतो.

"सर, हिऱ्याचं वेगळं असतंय. हे रंगाचं काम हाय."

आणि मग त्या माणसानं, जो मॅट्रिकनंतर शाळेकडं फिरकला नव्हता, मला माझाच धडा शिकवला. हिऱ्याला स्वतःचा रंग नसतो. म्हणजे नसला तरच त्याची किंमत. त्याचं सगळं भांडवल उजेड. वरून शिरलेला उजेड आत दोन भिंतींवर आपटून पुन्हा वरूनच बाहेर फेकायचा आणि जाता जाता त्याचे सात रंग करायचे, एवढंच त्याचं काम. ते काम कोणत्या कोनात उत्तम होतं याचं गणित 1919 साली मार्सेल तोल्कोव्स्की नावाच्या बेल्जियमच्या विशीतल्या पोरानं पुस्तक लिहून मांडलं. वरचा सपाट भाग रुंदीच्या 53 टक्के, वरचा उतार 34.5 अंश, खालचा 40.75. हा शेवटचा तपशील मी घरी येऊन शोधला. दुकानदार फक्त म्हणाला, "हिऱ्याचा फॉर्म्युला ठरलेला हाय सर. सत्तावन्न पैलू. सुरतेत मशीनवर बसवतेत आन् काढतेत."

"मग पुष्कराजाचा फॉर्म्युला?"

"दगड म्हणल तसं."

त्यानं एक मोठा, पसरट, बघताक्षणी आवडावा असा खडा चिमट्यानं उचलला आणि शेजारच्या वर्तमानपत्रावर ठेवला. "आता वरून बघा."

मी वाकलो. खड्याच्या कडा पिवळ्या होत्या, पण मध्यभागी रंगाचा पत्ता नव्हता. तिथून खालची छापील अक्षरं स्वच्छ दिसत होती. पान राशिभविष्याचं निघालं. माझ्या होऊ घातलेल्या पुष्कराजातून मी वाचलं, 'खर्चावर नियंत्रण ठेवा.'

"ह्याला खिडकी म्हणतेत," दुकानदार म्हणाला. "उजेड खालनं निघून जातो."

कारण मला पाठ होतं. हिऱ्याच्या आतल्या भिंतीवर प्रकाश उभ्या रेषेपासून साडेचोवीस अंशांपेक्षा जास्त तिरका आला, की त्याची सुटका नाही, तो परततोच. पुष्कराजाला हाच क्रांतिक कोन साडेचौतीसच्या आसपास. म्हणजे पळून जायला उजेडाला वाट जास्त रुंद. खालचा उतार जरा उथळ ठेवला, की बोंबलली चमक. पुष्कराजाच्या नावाखाली सुनेला नावाचा जो खडा खपवतात, तो तर स्फटिकाच्या जातीचा. म्हणजे शब्दशः गारगोटी. त्याचा कोन चाळिसावर, त्यामुळं त्याच्यातून उजेड आणखी मोकळेपणानं गळतो. हे सगळं मी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. पण त्याचे पैसे आपल्याच खिशातून जाणार आहेत, अशा दृष्टीनं तो धडा मी कधी वाचला नव्हता.

"मग असा उथळ घासतातच कशाला?"

"वजन सर, वजन. गिऱ्हाईक रत्तीवर पैसे मोजतंय. नीट कोन धरून घासला तर रत्तीभर माल धूळ होतो. कोण घासंल?"

दुसरा खडा उलट प्रकारचा होता. वरून बोराएवढा, उचलून बाजूनं बघितला तर खाली हे भलंमोठं पोट. सिलोनकडचे कारागीर वजन राखायला असं पोट ठेवतात म्हणे. अंगठीत बसवल्यावर पोट सोन्याच्या आड जातं. वरून बघणाऱ्याला फक्त चेहरा दिसतो, पैसे मात्र पोटाचेही मोजायचे. मी सदरा खाली ओढला. बायको खड्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होती.

पण त्या पोटाला आणखी एक कारण होतं. दुकानदारानं तो खडा पाण्यानं भरलेल्या काचेच्या वाटीत आडवा सोडला. पाण्यात त्याची चमक जवळजवळ दिसेनाशी झाली. सगळा दगड पांढरट, पाणीदार. फक्त तळाच्या टोकाशी पिवळ्या रंगाचा एक डाग. बस, एवढाच रंग. मग त्यानं तो बाहेर काढला, पुसला आणि सरळ धरला. अख्खा खडा वरून पिवळाधमक! कारागिरानं तो डाग नेमका खालच्या टोकावर येईल असा दगड धरून घासला होता. आत शिरणारा उजेड तिथं आपटून येताना सगळीकडं पिवळा रंग घेऊन येत होता.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते मी माणसांत भरपूर पाहिलंय, शिक्षकांत तर फारच. दगडात पहिल्यांदा पाहिलं. हिऱ्याच्या कारागिराला मी हुशार म्हणेन. ह्याच्यापुढं मात्र हात जोडीन.

घरी येऊन मी चूक... नव्हे, पद्धतीप्रमाणं सगळ्यांना विचारलं. आमच्याकडं अंडरवेअर सोडून कुठलीही खरेदी सर्वसंमतीशिवाय होत नाही. पुण्याला कंपनीत असलेली पुतणी लगेच फोनवर दिसायला लागली.

"काका, ओव्हल आता आज्यांचा कट झाला. कुशन बघा. नाहीतर रेडियंट."

"आणि गोल?"

"ईऽऽ! कलर स्टोनला गोल कोण घेतं?"

पोरीचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. रेडियंट कट हेन्री ग्रॉसबार्ड नावाच्या कारागिरानं 1977 साली काढला. चौकोनी अंग, छाटलेले कोपरे आणि खाली-वर पैलूंची गर्दी. आणि गंमत अशी, की पिवळा हिरा सापडला तर त्याला सहसा गोल घासत नाहीत, असाच काहीतरी चौकोनी देतात. गोल कट उजेड इतक्या तडफेनं बाहेर फेकतो, की रंग फिका पडतो. रेडियंटमध्ये उजेड आत जरा जास्त रेंगाळतो आणि रंग घट्ट दिसतो. थोडक्यात, स्वतः हिरासुद्धा रंगात आला की गोल राहत नाही. हे मी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "तुमच्याकडं बघून तसं वाटत नाही."

पुतणीच्या स्वतःच्या साखरपुड्याच्या अंगठीत प्रिन्सेस कट होता. हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला चौकोन, चारी कोपरे टोकदार. दिसायला देखणा, पण हिरा कितीही कठीण असला तरी टोकाशी टवका उडू शकतो. म्हणून चारी कोपऱ्यांवर सोन्याच्या टोप्या घालाव्या लागतात. तिच्या अंगठीची एक टोपी साखरपुड्यातच वर आली, ती नवऱ्यामुलाच्या आईच्या पैठणीत अडकली आणि पदरावरच्या एका मोराची मान सुटली. लग्न झालं, पण त्या मोराचा विषय अजून दर दिवाळीला निघतो.

आत्याकडं पाचू. त्याचा कट पायऱ्यापायऱ्यांचा, लांबट चौकोन, कोपरे मुद्दाम कापलेले. पाचू आतून भेगाळ असतो, तोंडी लावायला भेगा नाहीत असा पाचू सापडणं कठीण. कोपरे आधीच कापले, म्हणजे नंतर फुटायची भीती कमी. मोठ्या सपाट पायऱ्यांमुळं तो लुकलुकत नाही. शांतपणे हिरवा राहतो. हा कट पाचूमुळं इतका गाजला, की पुढं हिऱ्यांनीच तो उसना घेतला आणि नावही पाचूचंच ठेवलं. भेगा दिसू नयेत म्हणून पाचूला देवदाराच्या जातीचं तेल पाजण्याची जुनी पद्धत आहे. हे माहीत नसल्यामुळं पुतणीनं मागच्या सुट्टीत प्रेमापोटी आत्याची अंगठी गरम पाण्यात, साबणाच्या फेसात तासभर भिजत घातली. तेल गेलं, भेगा उघड्या पडल्या. आत्यानं आरडाओरडा केला नाही. तिनं तेल गेलंय हे ऐकून घेतलं आणि रात्री अंगठीला खोबरेल लावून ती डब्यात ठेवली. आता तिच्या पाचूला श्रावणात वास येतो.

तिच्या दुसऱ्या बोटात लसण्या. त्याला एकही पैलू नाही, नुसता गुळगुळीत फुगा. पुतणीनं विचारलं, "आत्याआजी, ह्याला कट का नाही केला?" आत्या म्हणाली, "त्याचा डोळा फुटंल की बाई." विज्ञानाच्या दृष्टीनं हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. आतल्या सुईसारख्या बारीक धाग्यांवरून उजेडाची जी एक रेघ फिरते, ती फुगीर पाठीवरच दिसते. पैलू पाडले की डोळा गेला.

दाजींनी एकदा नीलम आणला होता. नीलम घ्यायच्या आधी तीन रात्री उशीखाली ठेवून बघायचा असतो. मानवला तर ठीक, नाहीतर परत. पहिल्या रात्री लाईट गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही. दुसऱ्या रात्री उशीखालच्या खड्यावर मान पडून ती अशी अवघडली, की दाजी दिवसभर सगळ्या गावाकडं तिरके बघत हिंडले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सासूबाई, म्हणजे आमच्या मातोश्री, महिनाभर राहायला आल्या. दाजी त्याच संध्याकाळी नीलम परत करून आले. आईला हे कारण अजून माहीत नाही, आणि हा लेख तिच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था केलेली आहे.

या सगळ्यांत खरा अधिकारी माणूस एकच. बायकोचे मामा. मोंढ्यात त्यांची हळदीची आडत. त्यांना मी तीन निवडक खडे दाखवायला नेले. दुकानदारानं विश्वासानं दिले होते. मामा सौद्याच्या मध्यात होते. आजूबाजूला हळदीचे ढीग, त्यात हात घालून उभे असलेले खरेदीदार, हवेत पिवळा धुरळा. मामांनी पुडी उघडली, एक खडा अंगठा आणि तर्जनीत धरला आणि सवयीनं मोडायला गेले.

"मामा! तो मोडत नाही. हिऱ्याच्या खालोखाल कठीण आहे तो."

"मग आतला रंग कसा कळावा जावईबापू?"

त्यांनी तो उन्हात धरला. मग सावलीत. मग ढिगातली एक कांडी घेऊन कट्कन मोडली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. चार खरेदीदार सौदा सोडून आमच्याभोवती जमले.

"रंग कमी हाय."

"सेलम वाटत नाही."

"पॉलिश लई मारलंय. ड्रममध्ये जास्त फिरला."

"कांडीत धरायचा का गट्टूत?"

"गट्टूतच. पोट बघा की."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की रंग पुष्कळदा भट्टीत तापवून उठवलेला असतो. फिक्या दगडाला हजार-दीड हजार अंशांपर्यंत तापवतात, मग तो पिवळा होतो. गुरुजींना असा तापवलेला खडा चालत नाही. त्यांना तो निसर्गानं दिला तसाच हवा. यावर मामा पहिल्यांदा गंभीर झाले. "का चालत नाही? हळद उकडल्याबिगर कुठं रंग एकसारखा बसतो? उकडायची, वाळवायची, घासायची, मगच भाव. तुमच्या गुरुजीला म्हणावं, कच्ची हळद लावून बस."

तिथल्या एकाला कुठूनतरी कोहिनूर आठवला. मीही शिक्षक, संधी सोडली नाही. कोहिनूर लंडनला गेला तेव्हा 186 कॅरेटचा होता. लोकांनी रांगा लावून बघितला आणि म्हणाले, हा चमकत कसा नाही? आपल्याकडं दगडाचं वजन आणि अंग राखून घासलेला, तिकडच्यांना हवा लखलखाट. राणीच्या नवऱ्यानं मनावर घेतलं. 1852 च्या जुलैत ॲमस्टरडॅमचे कारागीर आणून चाकावर चढवला. पहिला पैलू लावायला कोण, तर ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हाच तो आर्थर वेलस्ली, 1803 साली आपल्या जालन्याकडं असईला लढून गेलेला. आता 83 वर्षांचा. अडतीस दिवस घासला. उरला 105 कॅरेट आणि वर थोडा.

"म्हणजे घट किती?" मामांनी विचारलं.

"चाळीस टक्क्यांच्या वर."

मी अपेक्षेनं बघत राहिलो. कुणाच्या चेहऱ्यावर हळहळ नाही. मामा म्हणाले, "मग बरा उतरला की. शंभर किलो ओल्या हळदीचं वाळून-घासून पंचवीसबी हाती येत नाही. त्याला कोण म्युझियममध्ये ठेवतंय?"

मग मी नाशिकच्या हिऱ्याची गोष्ट काढली. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा तो, 1818 मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांकडं गेला. सुमारे नव्वद कॅरेटचा लंडनला ऐंशीवर आणला. पुढं 1940 साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं पुन्हा घासून 43.38 वर आणला, तोही पाचूच्या कटात. प्रत्येक मालकाला आधीच्या मालकाची आवड गावंढळ वाटली आणि प्रत्येक वेळी किंमत मोजली दगडानं. मला विचाराल तर आहे त्या अंगानं राहू द्यायला हवा होता. पण मी पडलो वसमतचा मास्तर. विन्स्टननं मला विचारलं नाही.

आमच्या बाजूचा राजा मात्र वेगळा. वसमत 1948 पर्यंत निजामाकडं. सहाव्या निजामानं जेकब नावाच्या व्यापाऱ्याकडून एक हिरा घेतला, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, वैतागून त्यानं तो ठेवून दिला. पुढं म्हणे त्याच्या मुलाला, उस्मान अलींना, तो वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला. त्यांनी तो टेबलावर कागद दाबायला घेतला. 184.75 कॅरेट. 1995 साली निजामाचे दागिने भारत सरकारनं 218 कोटींना घेतले, त्यात हाही आला.

"185 कॅरेट म्हणजे ग्रॅम किती?"

"सदतीसच्या आत."

मामांनी पावतीपुस्तकावरचा, धान्य मोजायच्या काट्याचा किलोचा बाट उचलून दाखवला. "सदतीस ग्रॅमनं कागद दबतो व्हय? आमच्याकडं पंखा लावला की हा पण सरकतो."

त्या दुपारी पुष्कराजाचा निकाल लागला नाही. एका खरेदीदारानं तिन्ही खड्यांना मिळून क्विंटलमागे भाव सांगितला, तो मी नम्रपणे नाकारला.

वसमतच्या दुकानातल्या पुड्या संपल्या, तेव्हा आम्ही नांदेडला गेलो. तिथल्या दुकानांतल्या दिव्यांबद्दल एकदा स्वतंत्र लिहिलं पाहिजे. एवढे छोटे छोटे प्रखर दिवे छताला, की त्याखाली दुकानदाराचे दातसुद्धा पैलूदार दिसतात. हिऱ्याला असे ठिपक्याठिपक्यांचे दिवे मानवतात. रंगीत खडा बघावा दिवसाच्या उजेडात, खिडकीशी. मी खडा घेऊन दाराकडं निघालो, की वॉचमन माझ्याबरोबर निघायचा. पायरीवर आम्ही दोघं खड्यात डोकावून बघत असू. शेवटी वॉचमनच म्हणाला, "सर, पहिला बरा होता."

दुपारी नगीना घाटावर गेलो. तिथल्या गुरुद्वाऱ्याची कथा अशी, की कुणी गुरू गोविंदसिंगांना मौल्यवान नगीना भेट दिला. कुणी म्हणतं भक्त बंजाऱ्यानं, कुणी म्हणतं बादशहानं. गुरूंनी तो सरळ गोदावरीत फेकला. देणारा मनातून नाराज झाला. तेव्हा गुरू म्हणाले, जा, तुझा तू ओळखून काढून आण. तो पाण्यात उतरला तर तळाशी तशाच नगीन्यांची रास. मला ही कथा इतकी आवडली, की मी खिशात हात घातला. बायकोनं मनगट धरलं. "तुम्ही राहू द्या."

अखेर घेतला तो ओव्हल. वरून हिऱ्याच्या धर्तीचे बारीक पैलू, खालून पाचूच्या धर्तीच्या पायऱ्या. असा मिश्र कट रंगीत खड्यांत सर्रास असतो आणि मला तर तो सगळ्यांत शहाणा वाटतो. वर थोडी चमक लोकांसाठी, खाली रंग आपल्यासाठी. पुतणीनं फोनवर नाक मुरडलं. दाजींनी किंमत ऐकून शीळ घातली. गुरुजींनी तो हातात घेऊन विचारलं, "सव्वापाच ना?" मी म्हणालो, तीन कॅरेटच्या वर आहे. तिथं नवीनच घोळ निघाला. ज्योतिषांची रत्ती 0.91 कॅरेटची, सोनाराची जुनी गुंजेची रत्ती 0.6 च्या आसपास. सोनाराच्या हिशेबानं माझा गुरू सव्वापाच भरला, गुरुजींच्या हिशेबानं साडेतीन. "म्हणजे फळ दोन-तृतीयांश मिळेल," गुरुजी म्हणाले. दोन-तृतीयांश मुख्याध्यापक म्हणजे उपमुख्याध्यापक. मी तेवढ्यावर राजी होतो.

पण त्या रात्री आकृती काढताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. गुरुजींना किरण खड्यातून आरपार बोटात जायला हवेत. उत्तम घासलेला खडा तर उजेड वरच्या वर परत पाठवतो! म्हणजे गुरूच्या कामाला खरा उपयोगी खडा तो पहिला, पसरट, खिडकीवाला, ज्यातून राशिभविष्य वाचता येत होतं. मी निवडून निवडून नेमका गळती बंद केलेला घेतला होता. आणि हिऱ्याची तर बातच नको. दाजी शुक्रासाठी कित्येक वर्षं गोल हिरा घालतात. 1919 च्या गणिताप्रमाणं घासलेला, सत्तावन्न पैलूंचा. शुक्राचा एक कवडसासुद्धा त्यांच्या बोटापर्यंत पोचलेला नसणार. आल्या वाटेनं परत. मी हे बहिणीला फोनवर समजावून सांगितलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तरीच!"

गुरुवारी अंगठी घालून वर्गावर गेलो. खालून उघडी असल्यामुळं पहिल्याच तासाला खडूची पूड आत जाऊन बसली आणि गुरूच्या वाटेत आणखी एक अडथळा झाला. धडा तोच, अपवर्तनाचा. पहिल्या बाकावरची पोरगी माझ्या बोटाकडं बघत होती. तिचे वडील मोंढ्यात असतात.

"सर, पुष्कराज हाय ना? क्रांतिक कोन किती ह्याचा?"

"साडेचौतीस," मी खुशीत सांगितलं.

"मग सर, गुरूचे किरण त्याच्यापेक्षा तिरपे आले तर?"

"ते परीक्षेला नाही," मी म्हणालो. "आकृती काढा."